वस्तादांच्या वाटणीचा घास

"हरलास," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी आपली वाटी माझ्यापुढे तिरकी धरली. तळाला मुगाच्या मऊ खिचडीचे दोन घास शिल्लक होते. माझी वाटी कधीच रिकामी झाली होती.

आमचा खेळच असा उलटा होता. जो आधी संपवील तो हरला. आणि हरायचो नेहमी मीच.

"चावलं की हो," मी म्हणालो.

"काय चावलंस? मी बघत हुतो. सरळ गिळलंस. कुटं यष्टी चुकत हुती तुजी?"

त्यांनी उरलेले दोन घास असे काही चवीनं, डोळे मिटून चावले की जणू पंचपक्वान्नं चालली आहेत. मग चमचा पुसला. लहान पोरांना भरवायचा असतो तसला इवलासा चमचा, त्यांच्या पंजात काडीसारखा दिसायचा. पिशवीत वाटी ठेवताना त्यांनी आतून कापडाचं एक बोचकं काढून माझ्या कापायच्या टेबलावर टाकलं.

"ही झंपरं दिल्यात घरातनं. जरा ढिली कर म्हणली."

"मागच्याच महिन्यात केली होती की."

"बाईमाणसाचं काय सांगतुयास? तू करून दे."

मी बोचकं बाजूला ठेवलं. लेडीज टेलरला ब्लाऊज ढिले करण्यात नवल ते काय वाटणार?

हे सगळं चालायचं जयसिंगपूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, दुपारी एकला. आम्हा दोघांची पोटं मिरजेच्या एका दवाखान्यात एकाच आठवड्यात कापली गेली होती. जठराची मोठी पिशवी कापून केळ्याएवढी नळी तेवढी ठेवतात, असलं ते वजन उतरवायचं ऑपरेशन. मी तेव्हा पस्तिशीचा होतो आणि देह असा वाढला होता की भिंत आणि मशीन यांच्यामध्ये मी मावावा म्हणून मशीनच दाराकडं सरकवावं लागलं होतं. गिऱ्हाइकाला आत उभं राहायला जागा उरली नव्हती. साखर होती, धाप लागायची, घोरणं इतकं होतं की उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, पोरीला घेऊन दुसऱ्या खोलीत निजायची.

वस्ताद म्हणजे ज्ञानदेव मगदूम. साठीला टेकलेला गडी. तरुणपणी त्यांनी जिल्ह्याच्या मैदानात भल्याभल्यांना आसमान दाखवलं होतं आणि पुढं तालमीत पोरं घडवली होती. कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. बदामाची थंडाई, तांब्याभर दूध, तुपात बुडालेली भाकरी, आणि मटण तर परातीनं. त्या घरात खुराक म्हणजे देवाचा नैवेद्य होता. तो चुकला तर घराचं काहीतरी वाईट होणार, अशी सगळ्यांची समजूत. मग गुडघे गेले, साखर चढली, हृदयावर ताण आला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ऑपरेशन केलं नाही तर वर्षही निघणार नाही. तरी ते हटून बसले होते. शेवटी कसे तयार झाले ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. ऑपरेशननंतर नर्सनं आम्हाला चमच्यानं पाणी पाजलं तेव्हा वस्ताद छताकडं बघत म्हणाले, "अरू, दूध तांब्यानं पिलो जन्मभर. आता पाणी चमच्यानं. देव पण काय चेष्टा करतुया बघ." मला हसू आलं आणि टाके दुखले. तिथंच आमचं जमलं.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. पहिले काही दिवस गाळलेलं वरण, ताक, नाचणीची पातळ आंबील. मग कुस्करलेला भात, मग मऊ खिचडी. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास चावून चावून पीठ करायचा. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबायचं, नाहीतर सगळं उलटून येतं. हे सगळं जमलं असतं, पण घरच्यांना माझी वाटी बघवेना. उज्ज्वलाच्या डोळ्यात पाणी यायचं. आई तर माझ्यापासून लपून जेवायची. कुणी माझ्यासमोर जेवेना आणि मी एकटा वाटी घेऊन बसलो की सुतकात बसल्यासारखं वाटे.

डॉक्टर म्हणाले होते, भूक लावणारा भागच कापून टाकलाय, आता भूक लागणार नाही. पोटाला खरंच लागत नव्हती. पण नाक, डोळे, जीभ यांचं ऑपरेशन कुणी केलं नव्हतं. समोरच्या गाड्यावर भजी तळायला लागले की मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबायचा.

एकदा वस्ताद सैल पडलेले शर्ट आत घ्यायला घेऊन आले आणि त्यांनी मला तसं वाटीपुढं रडवेलं बसलेलं पाहिलं. त्यांनी एक स्टूल ओढलं.

"एकट्यानं जेवू नये माणसानं," ते म्हणाले. "तालमीत जोर पण जोडीनं मारत्यात. उद्यापास्नं मी येतो."

आणि ते आले. रोज आले. उन्हातान्हात, गुडघे धरत गल्लीतून चालत आले. ते नसते तर मी पहिल्याच दोन महिन्यांत मोडलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं, आजही कळतं. माझं सगळं त्या एकच्या जेवणावर उभं होतं.

ती झंपरं आली त्याच आठवड्यात मी एकदा घसरलो. एका गिऱ्हाईक बाईनं मुलगा पास झाला म्हणून गुलाबजाम आणून दिले. "एक तरी खा हो टेलर," म्हणाली. एक खाल्ला. डबा दुकानातच राहिला आणि मग अजून खाल्ले. थोड्याच वेळात अंगाला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, हात असे थरथरले की कात्री खाली पडली. मी कापडाच्या गठ्ठ्यावर आडवा झालो. एकला वस्ताद आले. त्यांनी डबा बघितला. टॉवेल ओला करून माझ्या कपाळावर ठेवला आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसले.

"घरात सांगू नका," मी म्हणालो.

"न्हाई सांगत. परत खाशील?"

"नाही."

"खाशील. पण खायच्या आधी मला सांग. मग बघू."

मला एवढं बरं वाटलं की मी रडलो. त्यांनी रडू दिलं.

त्याच दिवशी मी विचारलं, "वस्ताद, तुम्हाला होत नाही का हो इच्छा? एवढा खुराक खाल्लेला माणूस. तुमच्या तोंडावर कधी दिसत नाही."

"हुतीया की. रोज हुतीया."

"मग काय करता?"

ते मिशीत हसले. "मी डोळ्यांनी जेवतो."

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई, लेका. रविवारी दुपारी घरला ये. दावतो तुला. तुजं पण भागंल."

रविवार येईपर्यंत मी ती झंपरं काढून बसलो. शेवंताकाकी, म्हणजे वस्तादांच्या मंडळी, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. आईच्या वयाच्या. शेलाटी बाई, घाईघाईनं चालणारी, दुकानाच्या पायरीवर उभ्यानंच बोलून निघून जाणारी. पण गेल्या काही महिन्यांत त्या आल्या नव्हत्या. झंपरं वस्तादांच्या पिशवीतूनच यायची आणि जायची. बाजूची शिलाई मी दोनदा सोडली होती. या वेळी उसवून बघतो तर आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. मग काखेत जोड द्यावा लागणार होता. वस्तादांचे पांढरे शर्ट मी आत घेतले होते, त्यांच्या कडेच्या पट्ट्या चिंध्यांच्या पिशवीत पडून होत्या. मऊ, धुवून धुवून मुरलेलं सुती कापड. काखेत टोचणार नाही. तेच मी आतून जोडलं. बाहेरून कुणाला दिसत नाही. झंपरं वस्तादांच्या पिशवीत घातली आणि रविवारी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

घरात मटणाचा वास भरून राहिला होता. मसाला भाजलेला, खोबरं भाजलेलं. माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मला लाज वाटली.

"ये, ये," वस्ताद म्हणाले. "बस हितं, माझ्याजवळ." ते पलंगावर बसले होते, मांडीवर त्यांची नेहमीची वाटी. मला त्यांनी दुसरी वाटी दिली. दोन्हीत मुगाच्या डाळीत कुस्करलेला भात.

समोर जमिनीवर पाट मांडला होता. पाटापुढं पितळी ताट. ताट कसलं, परातच. त्यात भाकऱ्यांची चवड, तांबड्या रश्शाचं मोठं वाडगं, सुक्या मटणाचा ढीग, तुपाची वाटी, कांदा, भात. मला वाटलं, तालमीतलं कुणी पोरगं जेवायला येणार असेल.

मग आतून शेवंताकाकी आल्या.

मी त्यांना ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण कळायला वेळ लागला. दाराची चौकट धरत, थांबत, श्वास घेत त्या आल्या. चेहरा सुजल्यासारखा, गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी मानेत रुतलेले. मनगटात एकही बांगडी नव्हती, त्या जागी नुसते वळ होते. बांगड्या कापून काढल्या असणार. पावलं फुगलेली. मीच जोड दिलेलं झंपर अंगात होतं आणि तेही ताणलेलं होतं.

"बस," वस्ताद म्हणाले. आवाज अगदी मायेचा. "सुरू करूया."

काकी पाटावर टेकल्या. माझ्याकडं बघितलं, पुन्हा ताटाकडं बघितलं.

"पहिल्यांदा भाकरी चूर," वस्ताद म्हणाले. "रश्शात. बोटं बुडू दे. हां. आता घे."

काकींनी घास घेतला. वस्तादांनी आपल्या वाटीतला चमच्याच्या टोकाएवढा भात तोंडात ठेवला आणि काकी जशा चावत होत्या तसा त्यांचा जबडा हलू लागला. काकींनी गिळलं तेव्हा वस्तादांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

"तसं न्हाई. सांग नीट."

"तिखट बेतानं हाय," काकी म्हणाल्या, पाढा म्हटल्यासारख्या. "खोबरं भाजल्यालं लागतंय. मीठ थोडं फुडं हाय."

"हां," वस्तादांनी डोळे मिटले. "आता सुकं. चरबीचा तुकडा घे. त्यो कडंचा."

मी हातात वाटी घेऊन बसून राहिलो. मला काही कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. वस्ताद एकेक सांगत होते आणि काकी एकेक उचलत होत्या. तूप वाढ. कांदा घे. आता नळी घे, ओढ. काकींनी हाडाची नळी तोंडाला लावून ओढली आणि त्या आवाजानं वस्तादांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जे मी रोज दुपारी माझ्या टेबलापाशी बघत होतो आणि ज्याचा मला हेवा वाटत होता.

अर्ध्या ताटावर काकी थांबल्या. श्वास घेतला. हात मांडीवर पडला.

"आता बास वाटतंय," असं काहीसं त्या पुटपुटल्या.

वस्ताद रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही. नुसतं पुढं वाकले. "एक घास माझ्यासाठी. एकच."

काकींनी घेतला. मग आणखी एक घास त्यांच्यासाठी. मग आणखी एक.

"बघितलंस?" वस्ताद माझ्याकडं वळले. डोळे पाणावले होते, इतके ते तृप्त होते. "रोज असं. पोटात माझ्या चमचाभर, पण जेवण सगळं हुतंय. तू पण उज्ज्वलाला बसव म्होरं. सांगत जा, कसं लागतंय ते सांग म्हणून. तळमळ जाती बघ एका दिसात."

माझ्या वाटीतला भात थंड होऊन त्यावर पापुद्रा धरला होता.

वस्ताद हात धुवायला मागच्या मोरीकडं गेले. चमच्यानं जेवलेले, तरी हात धुवायला गेले. मी काकींजवळ खाली बसलो.

"काकी, हे काय चाललंय?"

"हळू बोल." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अरू, झंपर आता ढिलं नगंस करू. घट्टच ठेव."

"काय?"

"घट्ट असलं की जरा कमी जातंय. त्येंनी बघितलं की म्हणत्यात, झंपर काचतंय, अरूकडं देऊ या. तू ढिलं करून देतुयास, मग परत जातंय. एवढं माझं ऐक."

"नाही म्हणून सांगा की सरळ."

"कसं सांगू? त्ये ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला तयार न्हवतं. डॉक्टर म्हणालं, वरीस न्हाई काढणार. मी पाया पडले. मग म्हणालं, माझ्या वाटणीचं तू खाणार असशील तर जातो. माझा खुराक ह्या घरातनं बंद पडता कामा न्हाई." काकींनी ताटाकडं बघितलं. "मी व्हय म्हणले. देवाला हात लावून म्हणले. आन त्ये वाचलं बघ."

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. काकींनी पुन्हा घास उचलला.

मी कसा घरी आलो ते आठवत नाही. संध्याकाळी उज्ज्वला ताट घेऊन बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती माझ्यासमोर बसली होती. मीच तिला कितीदा सांगितलं होतं, लपून जेवू नका म्हणून. वांग्याचं भरीत होतं. तिनं घास तोंडात घातला आणि थोड्या वेळानं थांबली.

"असं काय बघताय माझ्या तोंडाकडं?"

मला कळलंच नव्हतं मी बघतोय ते. मी उठलो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

सोमवारी एकला वस्ताद आले. स्टूल ओढलं, वाटी काढली, डाळीचा वास घेतला.

"काय, बसवलीस का उज्ज्वलाला म्होरं?"

"नाही."

"का रं?" त्यांनी पिशवीतून झंपर काढलं. "ह्ये घे. परत काचतंय म्हणती. म्हणजे ती न्हाई म्हणत, मलाच दिसतंय."

मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर काकींच्या जिवापेक्षा मला त्या क्षणी माझीच काळजी जास्त होती. हा माणूस उठून गेला तर उद्या एकला मी काय करू? समोर भज्यांची कढई तापत होती. पण मी झंपर हातात घेतलं आणि उलटं केलं. काखेतला पांढरा जोड वर आला.

"वस्ताद, याला हात लावून बघा."

"काय हाय?"

"बघा तर."

त्यांनी दोन बोटांनी पट्टी चाचपली. "सुती हाय. मऊ हाय."

"तुमच्या शर्टाची आहे."

"आं?"

"तुम्ही बारीक झालात तशा मी तुमच्या शर्टांच्या कडा कापल्या. त्याच पट्ट्या काकींच्या झंपराला जोडल्या. काखेत टोचणार नाही असं मऊ कापड तेच होतं हाताशी." मी पट्टी त्यांच्या बोटांखाली ताणून धरली. "तुमच्या अंगावरून जेवढं उतरलं, तेवढं तिकडं चढलंय. हे मी सांगत नाही, हे कापड सांगतंय. आता यात सोडायला काही उरलं नाही. आणि मी आता जोड देणार नाही."

वस्ताद पट्टी चाचपत राहिले. त्यांच्या शर्टाच्या कापडात एक बारीक निळी रेघ असायची, ती त्या पट्टीवरही होती. त्यांनी ती ओळखली असावी. अंगठा रेघेवरून पुढं-मागं गेला.

"तिनं कवा सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत?"

"रोज इचारत हुतो," त्यांनी मान वर केली. चेहरा पार पांढरा पडला होता. "रोज इचारत हुतो की, कसं झालंय म्हणून."

मी झंपराची बाही सरळ केली.

"मी तिच्या तोंडाकडं बघत हुतो रं," ते अगदी हळू म्हणाले. "रोज तोंडाकडंच बघत हुतो."

मग ते उठले. गुडघा टेबलाला आपटला, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. झंपर तसंच हातात धरून ते बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकापर्यंत मला त्यांच्या मुठीतून लोंबणारी हिरवी बाही दिसत राहिली. वाटी आणि चमचा माझ्या टेबलावरच राहिले. वाटी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी एकटा बसायचो, समोर त्यांची वाटी ठेवून. घास तोंडातच घोळत राहायचा. एकदा मी उठून भज्यांच्या गाड्यापर्यंत गेलोही होतो. कागदाचा पुडा हातात घेतला आणि आठवलं, खायच्या आधी मला सांग. सांगायला कुणी नव्हतं. मी पुडा तिथल्या हमालाच्या हातात दिला आणि परत आलो.

आठवडा उलटून गेला असेल. एकला दुकानाच्या पायरीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. वस्ताद होते, आणि त्यांच्या खांद्याला धरून शेवंताकाकी. ती एक पायरी चढायला त्यांना बराच वेळ लागला. मी धावत जाऊन दुसरा हात धरला.

"मिरजंला जाऊन आलो," वस्ताद म्हणाले. दाढी वाढली होती. "साखर हिचीच ज्यादा निघाली. डॉक्टर मलाच बोललं."

आम्ही काकींना खुर्चीवर बसवलं. वस्तादांनी पिशवीतून डबा काढला, आणि तीन वाट्या मांडल्या. दोन वाट्यांत आमची खिचडी. तिसरीत चतकोर भाकरी आणि मेथीची पातळ भाजी. मग ते आपल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी स्टूल फिरवलं. पाठ काकींकडं आणि तोंड भिंतीकडं. तिथं माझं जुनं कॅलेंडर होतं, त्याकडं ते बघत राहिले.

काकींचा हात भाकरीवर गेला आणि तिथंच थांबला. मला आधी कळेना त्या कशाची वाट बघतायत. मग कळलं. "घे" म्हटल्याशिवाय त्यांना घास उचलता येत नव्हता. मी ओठ घट्ट मिटले. वस्ताद कॅलेंडरकडं बघत होते, त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

काकींनी हात मागं घेतला. पदर सावरला. वाटी बोटभर पलीकडं सारली.

"मला आज भूक न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांच्या सगळ्या संसारात हे वाक्य त्यांनी नवऱ्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं, असं त्यांनी पुढं उज्ज्वलाला सांगितलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की त्या स्वतःच दचकल्या आणि नवऱ्याच्या पाठीकडं बघत राहिल्या.

वस्ताद गर्रकन वळले. "एक घास मा..." एवढं आलं आणि त्यांनी उरलेलं गिळलं.

"बरं," ते म्हणाले.

मग ते पुन्हा भिंतीकडं वळले आणि त्यांनी चमचा उचलला. पण मी त्यांच्या बाजूला बसलो होतो, मला दिसत होतं. चमचा अजून वाटीतच होता आणि त्यांचा जबडा हलत होता. तोंडात काही नव्हतं. काकी बसल्या होत्या तिथून त्यांनाही कानशिलाजवळची हालचाल दिसत असणार, कारण त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्या दिवशी आम्हा दोघांत माझी वाटी शेवटी संपली. मी पहिल्यांदा जिंकलो होतो.